खोलीची साक्ष

घुमटाच्या एका तोंडावर चामडे ताणलेले असते व दुसरे तोंड मोकळे असते, हे गोमंतकीय वाचकांस सांगावयास नको. वादक एका हाताने चामड्यावर थाप देतो आणि दुसऱ्या हाताने ते मोकळे तोंड कधी झाकतो, कधी उघडतो. थाप तीच असली तरी तिचा नाद पालटतो. मातीच्या त्या पोटात कोंडलेली हवा हे त्या वाद्याचे अर्धे शरीर होय. आता तेच घुमट उघड्या माळावर, मग देवळाच्या सभामंडपात आणि मग गाद्यागिरद्यांनी भरलेल्या दिवाणखान्यात वाजवून पाहावे. वादक तोच, बोल तेच. परंतु श्रोत्याच्या पदरात पडणारे वादन तीन ठिकाणी तीन तऱ्हेचे. वाद्याच्या पोटातील हवेला वादकाचा हात आवरतो. वाद्याच्या भोवतालच्या हवेला कोण आवरणार, हा प्रश्न ध्वनिमुद्रकाच्या पुढे येतो, आणि चर्मवाद्यांच्या बाबतीत तो जितका निकराचा होतो तितका अन्य कोणत्याही वाद्याच्या बाबतीत होत नाही.

पाश्चात्त्य रॉक संगीतातील ड्रमवादनाच्या ध्वनिमुद्रणात या प्रश्नाची गेली पन्नास-पंचावन्न वर्षे जी उत्तरे देण्यात आली, त्यांपैकी तीन आम्ही येथे विचारासाठी घेत आहो. त्यांतील यंत्रांची चर्चा तज्ज्ञांनी पुष्कळ केलेली आहे. आम्हांस पाहावयाचे आहे ते असे की, खोलीचा आवाज गीताच्या अर्थाला केव्हा कामी येतो आणि केव्हा तो नुसता दागिना होऊन बसतो.

प्रथम सर्वसाधारण रीत काय ती सांगितली पाहिजे. आज ड्रमसेटाचे मुद्रण करताना प्रत्येक ड्रमपाशी, चामड्यापासून चार-दोन बोटांच्या अंतरावर, एकेक मायक्रोफोन लावतात. सिंबल, म्हणजे त्या मोठ्या टांगत्या झांजा, यांच्यासाठी वर दोन माइक टांगतात. याखेरीज एखाददुसरा माइक पाच-सात हातांवर किंवा त्याहूनही दूर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवतात. यालाच ‘रूम माइक’ म्हणतात. जवळच्या माइकाला चामड्यावरचा आघात ऐकू येतो. दूरच्या माइकाला तो आघात ऐकू येतोच, परंतु भिंती, छत आणि जमीन यांनी त्याला दिलेले उत्तरही ऐकू येते.

हे उत्तर किती मोठे असावे हे अंतरावर अवलंबून आहे. उघड्या जागी वाद्यापासूनचे अंतर दुप्पट केले की सरळ येणारा आवाज ६ डेसिबेलने उतरतो. बंद खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज मात्र जवळजवळ सर्वत्र सारखाच भरलेला असतो. त्यामुळे वाद्यापासून दूर सरकताना एक अशी जागा येते की, जेथे सरळ आवाज आणि परतलेला आवाज तुल्यबळ होतात. त्या जागेच्या अलीकडे वाद्याचे राज्य, पलीकडे खोलीचे. ही जागा लहान, ओकीबोकी भिंत असलेल्या खोलीत वाद्याच्या अगदी निकट असते. पडदे व गालिचे असलेल्या खोलीत ती दूर जाते. खोलीचे आकारमान, तिच्या पृष्ठभागांची शोषणशक्ती आणि घुमाऱ्याचा काळ यांचे गणित हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबाइन या प्राध्यापकाने मांडले. १८९५ साली विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहात बोललेले नीट ऐकू येईना म्हणून त्याच्यावर ते काम सोपविण्यात आले होते. व्याख्यानगृहातील घुमारा हा दोष म्हणून त्याच्या हाती आला. पुढे त्याच गणिताच्या आधारे बोस्टनचे सिंफनी हॉल १९०० साली उभे राहिले आणि तेथे घुमारा हा गुण ठरला. एकच गोष्ट कोठे दोष आणि कोठे गुण, हा विवेक रूम माइकाच्या कलेचाही पाया आहे.

परंतु गणिताहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. जवळचे माइक लावले म्हणजे वादनाचा तोल ध्वनिमुद्रकाच्या हाती जातो. स्नेअर हलका वाजला तर त्याची कळ वर सरकवावी, सिंबल कर्कश वाजली तर तिची खाली ओढावी. वादकाचे उणे असे झाकता येते. दूरच्या माइकाच्या बाबतीत ही सोय नाही. तेथे स्नेअर, बेस ड्रम, टॉम आणि सिंबल एकमेकांत मिसळूनच येतात. एकाला धरून दुसऱ्याला सोडता येत नाही. वादकाच्या हातापायांत जो तोल असेल तोच तेथे उमटतो. जवळचा माइक हा ध्वनिमुद्रकाचा आज्ञाधारक सेवक आहे. दूरचा माइक हा साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला पढविता येत नाही. म्हणून ज्या मुद्रणात खोलीचा आवाज पुढे असतो, त्यात वादकावर टाकलेला एक मोठा विश्वासही असतो.

या विश्वासाचे सर्वांत ख्यात उदाहरण म्हणजे लेड झेपेलिन या इंग्रज वाद्यवृंदाचे ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ हे गीत. ते नोव्हेंबर १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चौथ्या अल्बमच्या अखेरीस आहे. मूळ रचना १९२९ ची, कॅन्सस जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी या जोडीची. तिचा विषय १९२७ साली मिसिसिपी नदीला आलेला महापूर व फुटणारे बांध. लेड झेपेलिनच्या मंडळींनी हे गीत आधी एकदा मुद्रित करून पाहिले होते, पण ते त्यांस सपाट वाटले. मग ते हॅम्पशायर परगण्यातील हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत गेले. ही वास्तू १७९५ साली गोरगरीब, वृद्ध व अनाथ यांच्यासाठी कामघर म्हणून बांधलेली होती. ध्वनिमुद्रणाची यंत्रे बाहेर उभ्या केलेल्या गाडीत होती, आणि जॉन बॉनम याचा ड्रमसेट आत प्रवेशदालनात, उंच जिन्याच्या पायथ्याशी.

अँडी जॉन्स या ध्वनिमुद्रकाने तेथे जे केले ते ऐकावयास अतिशय साधे वाटते. प्रत्येक ड्रमपाशी माइक लावण्याचे त्याने सोडूनच दिले. बेरडायनॅमिक कंपनीचे एम १६० जातीचे दोन माइक त्याने जिन्यावर वर टांगले, आणि बॉनमला वाजवू दिले. हे माइक रिबन जातीचे आहेत. धातूची अतिशय पातळ पट्टी हवेबरोबर हलते, आणि तिच्या योगाने सिंबलचा वरचा चरचरीतपणा पुष्कळ मवाळ होऊन येतो. मग तो आवाज कॉम्प्रेसरमधून आणि बिन्सन एकोरेक या इटालियन प्रतिध्वनियंत्रातून नेला.

कॉम्प्रेसर काय करतो हे येथे नीट समजून घेतले पाहिजे, कारण रूम माइकावरील सारी प्रक्रिया त्याच्याभोवती फिरते. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठा झालेला आवाज तो दाबतो. नंतर एकंदर पातळी वर उचलली की, आघात आणि आघातामागून येणारा घुमारा यांच्यातील अंतर कमी होते. बॉनमची काठी स्नेअरवर पडते, यंत्र क्षणभर दाबले जाते, आणि मग ते जसजसे मोकळे होते तसतसा जिन्याचा आवाज वर येत जातो. हे मोकळे होणे फार संथ असेल तर घुमारा वर येण्यापूर्वीच पुढचा ठोका पडतो. फार चपळ असेल तर आवाज धापा टाकू लागतो. ‘लेव्ही’मधील ठेका मिनिटास सुमारे ७० मात्रांचा, म्हणजे चांगला विलंबित आहे. दोन ठोक्यांच्या मधला अवकाश मोठा आहे, आणि जिन्याला बोलावयास पुरेसा वेळ मिळतो. लयीने खोलीला जागा दिली, खोलीने लय भरली, आणि यंत्राने या दोहोंचे बोलणे आम्हांस ऐकू येईल इतके जवळ आणले.

येथे शुद्धतावादी वाचक विचारील की, दाबलेला, उचललेला, प्रतिध्वनियंत्रातून फिरविलेला हा आवाज खरा कसा? आमचे उत्तर असे की, यातील प्रत्येक प्रक्रिया त्या जिन्याने जे प्रत्यक्ष म्हटले तेच मोठ्याने सांगते. आणि दुसरी गोष्ट गीताच्या अर्थाची आहे. हे पुराचे गीत आहे. आरंभीचे दोन ठेके वाजताच श्रोत्याला वाटते की, आपल्याहून फार मोठे असे काही भिंतीपलीकडे उभे आहे आणि ते सरकत येत आहे. गायकाने अजून तोंडही उघडलेले नाही. जवळच्या माइकांनी टिपलेले तेच वादन एका बलदंड माणसाचे वादन झाले असते; जिन्याने टिपले तेव्हा ते पाणी झाले. खोलीचा आवाज गीताच्या अर्थाला कामी येणे म्हणजे काय, हे याहून स्पष्ट करून सांगणे आम्हांस शक्य नाही.

दुसरे उदाहरण याच्या उलट टोकाचे आहे. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत पीटर गॅब्रिएल याच्या तिसऱ्या अल्बमचे काम चालले होते. निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइट, ध्वनिमुद्रक ह्यू पॅजम, आणि ड्रमवर फिल कॉलिन्स. त्या स्टुडिओतील एसएसएल कंपनीच्या यंत्रपटलावर अशी सोय होती की, आतल्या वादकाला बाहेरच्या ध्वनिमुद्रकाशी बोलता यावे म्हणून खोलीत एक माइक टांगलेला असे, आणि वादक कुजबुजला काय किंवा ओरडला काय, सारखेच ऐकू यावे म्हणून त्याच्यावर अतिशय कडक कॉम्प्रेसर बसविलेला असे. तो माइक मुद्रणासाठी नव्हताच. एकदा कॉलिन्स वाजवीत असताना पॅजमने त्या माइकाची कळ दाबली आणि दगडी भिंतींच्या त्या खोलीचा सारा घुमारा गर्जत बाहेर आला. मग त्या माइकाची तार मुद्रणाकडे वळवून घेण्यात आली. त्यावर त्यांनी नॉइज गेट लावले. गेट म्हणजे दरवाजाच. आवाज ठरावीक पातळीच्या खाली उतरला की तो लागतो आणि मागे शांतता उरते.

अशा रीतीने एक असा आवाज निर्माण झाला की जो सृष्टीत कोठेही नाही. मोठ्या दगडी खोलीचा घुमारा उसळतो, आणि विरून जाण्यापूर्वीच कोणी सुरीने कापावा तसा नाहीसा होतो. यात गॅब्रिएलच्या एका हट्टाचा वाटा फार मोठा आहे: या अल्बमात सिंबल वाजवावयाच्या नाहीत, असे त्याने बजावले होते. रूम माइक कडक दाबला की सर्वांत आधी सिंबल उसळून वर येते आणि इतर सर्वांवर पसरते. गेटाचा दरवाजाही ती उघडाच धरून ठेवते. सिंबल वर्ज्य केली म्हणूनच हा प्रयोग साधला. या मुद्रणाचे अनुकरण करणाऱ्यांनी यंत्रे उचलली, पण हे वर्ज्य स्वर त्यांच्या ध्यानात आले नाहीत.

१९८० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अल्बमातील ‘इंट्रूडर’ हे पहिले गीत एका घरात चोरपावलांनी शिरणाऱ्या माणसाच्या तोंडी आहे. आता त्या कापलेल्या घुमाऱ्याचा अर्थ पाहा. खोली आहे, मोठी आहे, पण तिचे दार क्षणोक्षणी बंद होते आहे. श्रोता आत कोंडला जातो. निसर्गातील घुमारा आपल्याला हळूहळू सोडून देतो. हा सोडीत नाही, तोडतो. ही कृत्रिमता गीताला पोषक आहे, म्हणून ती आम्ही खरी मानतो. पुढे जानेवारी १९८१ मध्ये आलेल्या कॉलिन्सच्या ‘इन द एअर टुनाइट’ या गीतातही तिचा उपयोग जाणतेपणाने झाला आहे. तेथे साडेतीन मिनिटांहून अधिक काळ एक तालयंत्र कोरडेपणाने टिकटिकत राहते. त्या यंत्राला खोली नाही, भिंती नाहीत. मग एकाएकी ड्रम कोसळतात आणि त्यांच्याबरोबर प्रथमच एक खोली गीतात शिरते. इतका वेळ दाबून धरलेला राग फुटावा तसा तो क्षण येतो.

परंतु याचे पुढे काय झाले? त्या दशकात हाच आवाज प्रेमगीतांत, नाचाच्या गाण्यांत, जाहिरातींत, जेथे तेथे ऐकू येऊ लागला. एएमएस कंपनीच्या डिजिटल घुमाराचक्रात एक कळ अशी होती की, ती दाबली असता दगडी खोली नसतानाही तसाच कापलेला घुमारा मिळे. खोलीची गरज संपली, आणि तिच्याबरोबर अर्थाचीही. चोराच्या मनातील कोंडमाऱ्यासाठी घडविलेला आवाज लग्नाच्या वरातीत वाजू लागावा, असा तो प्रकार झाला. एका काळाचा ठसा म्हणून आज तो ओळखू येतो. त्याहून अधिक काही त्यातून ऐकू येत नाही.

तिसरे उदाहरण स्टीव्ह अल्बिनी या अमेरिकन ध्वनिमुद्रकाचे. ‘निर्माता’ ही पदवी त्याला नको असे. अल्बमच्या विक्रीतील वाटा न घेता तो ठरीव मेहनताना घेई. २०२४ च्या मे महिन्यात तो निवर्तला. फेब्रुवारी १९९३ मध्ये मिनेसोटा राज्यातील पॅकिडर्म स्टुडिओत त्याने निर्वाणा या वाद्यवृंदाचा ‘इन यूटेरो’ हा अल्बम मुद्रित केला. त्यात डेव्ह ग्रोलचे ड्रम ऐकताना आम्हांस जे जाणवते ते आधीच्या दोन्ही उदाहरणांत नाही: येथे खोली पूरही नाही व तुरुंगही नाही, ती खोलीच आहे. समोर एक माणूस घाम गाळीत वाजवीत आहे आणि आपण त्याच्यापासून काही पावलांवर उभे आहो, एवढेच ती सांगते.

हे ‘एवढेच’ साधावयास मोठे कसब लागते. अल्बिनीची एक नित्याची युक्ती अशी की, खोलीतील माइक तो जमिनीलगत ठेवी. अधांतरी टांगलेल्या माइकापर्यंत आवाज एकदा सरळ येतो व एकदा जमिनीवरून उडून किंचित उशिरा येतो, आणि या दोन लाटांच्या झगड्यात काही स्वर खोडले जातात. माइक जमिनीलाच चिकटला की दोन्ही लाटा एकदमच पोहोचतात व झगडा मिटतो. दुसरी युक्ती उशिराची. आवाज सेकंदास सुमारे ३४३ मीटर चालतो, म्हणजे एक मीटर चालण्यास त्याला साधारण ३ सहस्रांश सेकंद लागतात. खोलीतील माइकांचा आवाज अल्बिनी यंत्राने आणखी दहावीस सहस्रांश सेकंद मागे ढकली. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ च्या सुमारास दाखवून दिले होते की, सुमारे ३० सहस्रांश सेकंदांच्या आत मागून आलेला आवाज कानाला स्वतंत्र प्रतिध्वनी म्हणून ऐकू येत नाही. तो पहिल्या आवाजात मिळून जातो व त्याला पुष्टी देतो. या सवलतीचा येथे उपयोग केलेला आहे. पहिला आघात स्वच्छ उमटतो, खोली एक पाऊल मागे सरकते आणि तेवढ्याने ती मोठी वाटू लागते.

याच अल्बमातील ‘व्हेरी एप’ आणि ‘टुरेट्स’ ही दोन जलद गीते आहेत. त्यांचे ड्रम शेजारच्या स्वयंपाकघरात, तेथील नैसर्गिक घुमाऱ्यासाठी, वेगळे मुद्रित केले. आमच्या मते साऱ्या विषयाचे मर्म या लहानशा गोष्टीत आहे. ‘लेव्ही’च्या विलंबित ठेक्याला तीन मजल्यांचा जिना मानवला, द्रुत लयीत तोच जिना घातला असता तर एका ठोक्याचे शेपूट दुसऱ्या ठोक्याच्या तोंडात गेले असते. तेथे छोटी, टणक, झटकन बोलून गप्प होणारी खोली हवी होती. यंत्राची कळ फिरविण्यापूर्वी वादकाला उचलून दुसऱ्या खोलीत नेणे, ही खरी प्रक्रिया.

या तिन्ही उदाहरणांवरून रूम माइकाचे काही धर्म आपोआप हाती येतात. माइक कोठे ठेवावा हे फूटपट्टीने ठरत नाही. वादक वाजवीत असताना खोलीत फिरावे, एक कान बोटाने बंद करावा, आणि ज्या जागी ठेका अंगावर येतो पण फुटत नाही तेथे थांबावे. सिंबल डोईजड होत असेल तर माइक खाली आणावा, रिबन जातीचा घ्यावा, किंवा दोन्ही बाजूंनी ऐकणाऱ्या माइकाची बहिरी कड ड्रमकडे करावी, म्हणजे सरळ आवाज गळून भिंतींचा तेवढा उरतो. जवळच्या माइकांबरोबर मिसळताना लाटांची दिशा उलटसुलट करून पाहावी. एका माइकात चामडे पुढे येत असताना दुसऱ्यात मागे जात असले तर बेस ड्रमचे पोटच नाहीसे होते. कॉम्प्रेसरची मोकळीक लयीशी जुळवावी. हे सारे करूनही सिंबल कानठळ्या बसवीत असेल, तर वादकाला एवढेच सांगावे की, बाबा रे, ती जरा हलक्या हाताने मार. हा शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त आहे आणि बहुधा तोच करावयाचा राहून जातो.

आता प्रश्न आजचा. एखाद्या दालनात एक ठरावीक आवाज सोडून त्याचे उत्तर मुद्रित करावे आणि गणिताने त्या दालनाचा स्वभाव काढून घ्यावा, ही विद्या आज संगणकावर सर्वांस सुलभ आहे. कोणत्याही खोलीत वाजविलेल्या ड्रमला कोणत्याही प्रार्थनामंदिराचा किंवा नामांकित स्टुडिओचा घुमारा चढविता येतो. हेडली ग्रेंजचा तो जिना तर ध्वनिमुद्रिकेवरून कापून केव्हाच लोकांनी नेला आहे. १९८६ साली बीस्टी बॉइज या अमेरिकन मंडळींच्या अल्बमचा आरंभच बॉनमच्या त्या ठेक्यावर झाला.

या सोयीला आम्ही सरसकट नावे ठेवणार नाही. ज्याच्यापाशी आठ फूट उंचीच्या छताची दहा बाय बाराची खोली आहे, खाली रस्ता आणि वर बिऱ्हाड आहे, त्या होतकरू ध्वनिमुद्रकाला तीन मजली जिना कोठून आणावयाचा? गरिबाला उसना घुमारा घेऊ नको म्हणणे हे श्रीमंताचे तत्त्वज्ञान होय. तथापि उसन्या खोलीत एक उणीव राहतेच. वादक जेव्हा वाजवीत असतो तेव्हा ती तेथे नसते. बॉनमने तो ठेका जिन्याखाली बसून वाजविला. त्याच्या कानांवर तो जिना परत येत होता, आणि पुढची काठी केव्हा व किती जोराने टाकावी हे तो त्याच क्षणी त्या जिन्याशी ठरवीत होता. मागाहून चढविलेली खोली वादनाला सजविते; ती वादकाला काहीच सुचवू शकत नाही. संवाद आणि भाषांतर यांत जो फरक, तोच येथे आहे.

हे आमच्या लोकांस नवे वाटावयाचे कारण नाही. गोव्यातून मुंबईस गेलेल्या पिढ्यांनी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आयुष्ये घालविली. लेस्ली गुदिन्हो यांच्यासारखे ड्रमवादक व सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे वाद्यवृंदसंयोजक त्यांतलेच. त्या काळी गायक आणि बहुसंख्य वादक एकाच वेळी, एकाच मुद्रणगृहात वाजवीत. एकाच्या माइकात दुसऱ्याचे वाद्य शिरे. ते अगदी टाळता येत नसे. आज त्या गीतांतील ड्रम ऐकताना जो एक जिवंत ओलावा जाणवतो, त्यात या शिरकावाचा, म्हणजे त्या दालनाचा, वाटा आहे असे आम्हांस वाटते. तेथे वेगळा रूम माइक असो वा नसो, व्हायोलिनसाठी लावलेला माइकच ड्रमचा रूम माइक होत असे.

आणि म्हणूनच आमच्या मनात एक खंत आहे. घुमटाला गोवा शासनाने २०१९ साली वारसावाद्याचा मान दिला, हे योग्यच झाले. पण घुमट, शामेळ व कांसाळे यांच्या साथीने म्हटलेल्या आरत्यांची जी अलीकडची काही ध्वनिमुद्रणे आमच्या ऐकण्यात आली, त्यांत वाद्ये कापूस भरलेल्या खोलीत एकेक करून वाजविलेली आणि मागाहून कोठल्याशा परक्या दालनाचा घुमारा वर ओतलेला, असे स्पष्ट ऐकू आले. नाद गुळगुळीत आहे, प्रत्येक थाप सुटी आहे, कांसाळे कोठेही टोचत नाही. फक्त देऊळ नाही. लाकडी खांब, शहाबादी वा मातीची जमीन, कौलारू छपर, दाटीवाटीने उभी असलेली माणसे आणि त्यांच्या कपड्यांनी शोषून घेतलेला नाद, हे सर्व मिळून त्या आरतीचा जो आवाज होतो तो कोणाही कंपनीच्या यादीत मिळणार नाही. तो टिपावयास फार सामग्रीही लागत नाही. दोन बरे माइक, ते ठेवण्यासाठी निवडलेली एक जागा, आणि ती निवडण्यापूर्वी एक पूर्ण आरती नुसती उभे राहून ऐकण्याचा धीर एवढे पुरते.

देवळे बदलतात. जुनी कौले उतरून काँक्रीटचे छत चढते, जमिनीवर गुळगुळीत फरशी बसते, आणि एका दिवसात त्या सभामंडपाचा शेकडो आरत्यांनी ओळखलेला आवाज नाहीसा होतो. मूर्ती राहते, वाद्ये राहतात, चालीही राहतात. हवा तेवढी जाते. तिची साक्ष कोणी नोंदवून ठेवली नसेल तर ती होती हे पुढच्यांस सांगताही यावयाचे नाही. ज्यांच्यापाशी आज माइक आहे त्यांनी येत्या चतुर्थीस तो घुमटाच्या तोंडाशी नेण्यापूर्वी चार खांब मागे सरून एकवार ऐकून पाहावे, एवढीच आमची त्यांस विनंती आहे.